फाइलच्या बापाचं नाव

"नाव?"

"होम."

"वडिलांचं नाव?"

नवा माणूस इथे हमखास अडायचा. होम म्हणजे वेबसाइटचं पहिलं पान, त्याला वडील कुठून आणायचे? पण आमच्या ऑफिसात वडिलांचं नाव सांगितल्याशिवाय कुठलीही फाइल कॉम्प्युटरमध्ये ठेवता येत नसे. फायलींना नावं द्यायचं काम ज्यांच्याकडे होतं ते काका तीस वर्षं भिवंडीत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसून निवृत्त झाले होते. त्यांच्या मते जगात नोंदवायच्या गोष्टी दोनच, आलेला जीव आणि गेलेला जीव. वेबसाइटचं पानसुद्धा या दोहोंपैकी एकात बसलंच पाहिजे, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं.

ऑफिस भिवंडीतच कामतघरला होतं, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या शेडवर चढवलेल्या पत्र्याच्या खोलीत. शेड आमच्या मालकांची, म्हणजे दादांची. दादा शेलार गावचे, जमीनजुमलावाले. कुणाच्या तरी लग्नात जेवताना त्यांच्या कानावर आलं, की आता बड्या कंपन्या आपल्या वेबसाइट मराठी, हिंदी, गुजरातीत करून घेतात. हात धुवायच्या आत त्यांचा बेत पक्का झाला. "एका बाजूनी सूत घालायचा, दुसऱ्या बाजूनी कापड निंघतो. ह्या पन तसाच हाय," असं म्हणत त्यांनी तीन कॉम्प्युटर आणले. मराठीला मी, नुकती बीए झालेली. गुजरातीला एक बेन, दोन मुलांना शाळेत सोडून येणाऱ्या. आणि हिंदीला मास्टरजी, जे रात्रपाळीला खालच्या लूमवर असत आणि सकाळी केसांतला कापूस झटकत वर येऊन अनुवाद करत.

काका यायच्या आधी आमच्या फायलींची नावं बघण्यासारखी होती. न्यू, न्यू न्यू, फायनल, फायनल दोन, खरंच फायनल. मास्टरजींची एक 'आखिरी बार' नावाची होती आणि तिच्यापुढे चार आकडा होता. शेवटी व्हायचं ते झालं. एका लोणचेवाल्याचं मराठी पान एका पाइपवाल्याकडे गेलं आणि पाइपांच्या फोटोखाली 'घरच्या कैरीची चव, वर्षभर टिकते' असं छापून आलं. पाइपवाला चिडला. लोणचेवाल्याला कळलं तेव्हा तो जास्त चिडला. तेव्हा दादा उठले आणि नावं ठेवण्यात ज्यांची हयात गेली होती त्यांनाच घेऊन आले.

काका आले ते एक जाडजूड रजिस्टर, एक उशी आणि पाण्याची बाटली घेऊन. चपला दाराबाहेर काढल्या, उशी खुर्चीवर ठेवली, बसले आणि म्हणाले, "पुढे या." पुढे यायला तिथे कुणी रांगेत नव्हतं, मी, बेन आणि मास्टरजी आपापल्या जागेवर होतो. तरी आम्ही उठून रांगेत उभे राहिलो. आवाजच तसा होता.

त्यांची पद्धत अशी. मूळ इंग्रजी फाइल म्हणजे बाप. तिचा अनुवाद म्हणजे अपत्य. वेबसाइट म्हणजे आडनाव. आणि ज्याने अनुवाद केला ती आई. मास्टरजींनाही आईच. "हम माँ कैसे हो गए, काका?" असं मास्टरजींनी एकदा विचारलं. काका म्हणाले, "प्रसूती कोणाची झाली?" मास्टरजींनी बाजूच्या कागदांच्या ढिगाकडे पाहिलं आणि मान्य केलं.

कॉम्प्युटरवरचं नाव आटोपशीर असायचं. पानाचं नाव, पुढे भाषेचं नाव, पुढे आवृत्तीचा आकडा. संपूर्ण कुळी मात्र रजिस्टरात. रकाने आखलेले होते, अपत्याचं नाव, बापाचं, आईचं, आडनाव, आणि सगळ्यात शेवटी 'शेरा'. शेऱ्याच्या रकान्यावर काकांचा विशेष जीव. 'बाळ अशक्त, दोन परिच्छेद कमी' असा शेरा मी स्वतः वाचला आहे. नाव ठेवून झालं की ते मॉनिटरच्या कडेला तोंड नेऊन ते नाव हळूच म्हणायचे, बारशाला आत्या बाळाच्या कानात म्हणते तसं. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "हसा. पण एकदा सांगितलेलं बरं."

'फायनल' या शब्दावर आमच्याकडे बंदी आली. "फायनल म्हणजे मृत्यू," काका म्हणाले. "मृत्यूपुढे दोन आकडा लागतो का कधी?" रजिस्टर उलटं करून मागच्या बाजूने त्यांनी मृत्यूची पानं सुरू केली. टाकून दिलेल्या फायली तिथे जायच्या. कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपली तेरा दिवस झाल्याशिवाय रिकामी करायला सक्त मनाई होती. आणि खरं सांगते, या तेरा दिवसांनी आम्हाला तीनदा वाचवलं, कारण मास्टरजी झोपेच्या तारेत जिवंत फायली टाकून द्यायचे.

निवृत्तीनंतर काका दोन महिने घरी बसले होते. काकूंनीच दादांना निरोप धाडला होता म्हणे, की यांना कुठेतरी न्या, यांनी माझ्या हळदीच्या डब्यावर 'हळद, मसाल्याच्या डब्यातली, मधली' असं लिहून ठेवलंय.

आता माझ्या घरची गोष्ट. आम्ही नारपोलीला राहायचो. मी नोकरीला जाते हे बाबांना पसंत नव्हतं असं नाही, पण लूमच्या शेडवर, पत्र्याच्या खोलीत, रात्रपाळीच्या माणसाशेजारी बसून मुलगी नक्की काय करते हे त्यांना कुणाला सांगता येत नव्हतं. मलाही नीटसं सांगता येत नव्हतं. अशातच एका संध्याकाळी मी रिक्षात असताना घरचा फोन वाजला आणि आईने उचलला.

"आपण कुमारींच्या मातोश्री का?" काका मला कुमारीच म्हणायचे, आणि अहोजाहो करायचे.

"हो."

"त्यांच्या अकरा अपत्यांपैकी एकाच्या बापाचं नाव चुकलं आहे. बाप भलताच लागलाय. उद्या आल्या की दुरुस्ती करून घ्यायला सांगा. बाकी दहा व्यवस्थित आहेत."

आईने फोन ठेवला आणि खाली बसली. मी घरी पोचले तेव्हा बाबा दारात उभे होते आणि आई आत पाणी पीत होती. मी अर्धा तास बोलत होते. फाइल, बाप, अपत्य, आडनाव. जितकं बोलले तितकं जास्त अडकले. शेवटी बाबा म्हणाले, "उद्यापासून जाऊ नकोस." त्या रात्री मी रडले. मला ती पत्र्याची खोली, खालचा खडखडाट आणि माझी ती खुर्ची किती आवडायला लागली होती हे मला तेव्हाच कळलं.

सकाळी आठ वाजता काका रजिस्टर काखेत मारून दारात हजर. मी आले नाही तर दुरुस्ती राहील म्हणून आले होते, समजूत घालायला नव्हे. बाबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही खिडकीतले ना?" बाबा म्हणाले.

"तीस वर्षं."

"हिच्या वेळी मी दोन नावं घेऊन आलो होतो. एक माझ्या मनातलं, एक हिच्या आईच्या. तुम्ही मला परत पाठवलंत."

"नियमच आहे. नाव एक. ठरवून या," काका म्हणाले.

"घरी येऊन आमचं भांडण झालं. मग हिच्या आईचं ठेवलं."

"चांगलं आहे नाव. मी लिहिलंय," काका म्हणाले आणि मग रजिस्टर उघडून त्यांनी बाबांना माझी अकरा अपत्यं एकेक करून दाखवली. आईच्या रकान्यात अकरा वेळा माझं नाव होतं, गोल, ठसठशीत अक्षरात. बाबांनी अकराही ओळींवरून बोट फिरवलं. माझं नाव इतक्या वेळा लिहिलेलं त्यांनी कधी पाहिलं नसावं. "दिवाळीपर्यंत जा," ते म्हणाले. "तोवर ऑफिस पक्कं झालं तर पुढे बघू. नाहीतर बस झालं."

म्हणजे माझ्याकडे दिवाळीपर्यंतची मुदत होती. आणि ऑफिस पक्कं व्हायचं तर एकच रस्ता होता, मुंबईच्या एका मिठाईवाल्या शेठची वेबसाइट. आमचं काम पसंत पडलं तर त्यांची वर्षाची सगळी पानं आमच्याकडे येणार होती, आणि पसंत नाही पडलं तर दादा कॉम्प्युटर विकून वर आणखी लूम बसवणार होते. तसं त्यांनी सांगूनच टाकलं होतं. "मना तुमचा काम आवरतो, पन लूम मना कलतो. ह्या मना कलत न्हाय," ते म्हणाले. काम आवडत होतं, पण न कळणारा धंदा त्यांना नको होता.

शेठच्या इंजिनिअरने एक कागद पाठवला. प्रत्येक फाइलच्या नावाच्या शेवटी भाषेची दोन इंग्रजी अक्षरं त्याने ठरवून दिली होती, त्यात बदल चालणार नव्हता. काकांनी चष्मा लावला.

"हिंदीला एच-आय. छान. हाय. आल्याआल्या नमस्कार. मराठीला एम-आर. मिस्टर. म्हणजे श्रीयुत. छानच. गुजरातीला..."

ते थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कुमारी, हे जरा वाचा."

मी वाचलं. जी आणि यू. एकत्र म्हणून बघितलं आणि जीभ चावली. बेनने वाचलं आणि पदर तोंडाला लावला. मास्टरजींनी वाचलं आणि ते खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेले. मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत त्याचा अर्थ एकच होतो. तिन्ही भाषांचं पूर्ण एकमत झालेला आमच्या ऑफिसातला तो पहिलाच शब्द.

"पेढ्याला?" काका म्हणाले. "मोहनथाळाला? जिलेबीच्या पानाला मी हे लावू? माणूस खायला येतो तिथे."

"काका, ते फक्त कॉम्प्युटर वाचतो," मी म्हणाले.

"कॉम्प्युटरने का म्हणून वाचावं?"

आम्ही पुढचे आठ दिवस त्यांना समजावत होतो आणि ते ऐकत नव्हते. मग एकाएकी ते शांत झाले, गुजरातीच्या छत्तीस फायली नाव ठेवून तयार आहेत म्हणाले, आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. तिथेच चुकलं. त्यांच्या शांतपणाचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी साडेबाराचा मुहूर्त होता. शेठच्या मुंबईच्या दुकानात पडदा लावून, नारळ फोडून वेबसाइट सुरू होणार होती. दादा सफारी घालून सकाळीच गेले. आम्ही इकडे कॉम्प्युटरना झेंडूच्या माळा घातल्या, आपट्याची पानं वाटली. मास्टरजींनी माउसला कुंकू लावलं. सव्वाबाराला फोन वाजला. पलीकडे दादा होते आणि कुजबुजत होते. दादांना मी कुजबुजताना कधी ऐकलं नव्हतं.

"गुजराती उघडंत न्हाय. दाबला का पांढरा पान येतो. शेठची आय पुढं बसलीया. तिला गुजरातीच वाचता येतो. काय केला तुम्ही?"

मी काकांकडे वळले. काका रजिस्टराकडे बघत होते. मी ते ओढून घेतलं. छत्तीस गुजराती अपत्यं, आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी जी-यू-जे. शेऱ्याच्या रकान्यात छत्तीस वेळा एकच शब्द, 'सभ्यतेकरिता'.

"एक जे लावला की झाकलं जातं," काका म्हणाले.

फोनवर आता इंजिनिअर आला होता. मी फोन काकांच्या कानाला लावला. माझ्या डोळ्यांसमोर बाबा दिसत होते, आणि दिवाळी. इंजिनिअर चांगला होता, ओरडला नाही. "अंकल, हर पन्ने में लिखा है कि किस नाम को बुलाना है. आपने नाम बदल दिया, तो लिंक टूट गया. फाइल है, पर मिल नहीं रही."

काकांचा चेहरा उतरला. तीस वर्षांत त्यांनी खिडकीवर हेच हजारदा सांगितलं असेल. दाखल्यावर एक नाव, शाळेत दुसरं, मग माणूस असून सापडत नाही. "चूक झाली," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदाच ऐकले, आणि नंतर कधी ऐकले नाहीत.

बदलायला हवं होतं लगेच. पण आमच्याकडे नियम होता, नाव फक्त काकांनीच बदलायचं. ते माउस धरून बसले आणि बोट पुढे जाईना. त्याच क्षणी खालचा खडखडाट थांबला. लूम थांबल्या म्हणजे वीज गेली. कॉम्प्युटर आता बॅटरीवर, आणि आमची बॅटरी दहा मिनिटांची होती, तीही मूड असेल तर. तिची टींटीं सुरू झाली.

"काका, लावा ना," मी म्हणाले. "माझी नोकरी जाईल हो."

"मला कळतंय, कुमारी. हात उचलवत नाही."

तेव्हा बेन उठल्या. त्यांनी पदर खोचला आणि काकांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. "काका, तुमी ता वाचूच नका. मिठाईवालानी साइट छे ने? गुलाबजाम. गुलाबजामचा गु. बस."

काकांनी मान वर केली. मी आजवर माणसाच्या चेहऱ्यावर इतका उजेड पडलेला बघितला नाही. "गुलाबजामचा," ते म्हणाले. "अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

आणि सुरू झाले. पेढा, गुलाबजाम. जिलेबी, गुलाबजाम. संपर्क, गुलाबजाम. काका नाव म्हणायचे, शेवटचा जे पुसायचे, मास्टरजी मोजायचे, मी फाइल पाठवायची, बेन घड्याळ बघायच्या. बाविसाव्या फायलीला आम्ही चौघंही मोठमोठ्याने गुलाबजाम म्हणत होतो. वीज गेल्यामुळे रिकामे झालेले खालचे कामगार जिन्यात येऊन उभे राहिले आणि आत काहीतरी पूजा चालली आहे असं समजून तेही म्हणायला लागले. छत्तिसावी फाइल गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला. काकांनी अंधारलेल्या मॉनिटरला तोंड लावून एकदा शेवटचं हळूच गुलाबजाम म्हटलं.

साडेबाराला दोन मिनिटं कमी असताना दादांचा फोन. "उघारला," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. "शेठची आय रडतंय. बोलतंय, माझ्या भाषेत माझा दुकान. वर्साचा काम दिला आपल्याला." मी फोन ठेवून बेनना मिठी मारली, मग काकांच्या पाया पडले. ते म्हणाले, "असू दे, असू दे, आधी नोंद करू." शेऱ्यातले छत्तीस 'सभ्यतेकरिता' त्यांनी एकेक रेघ मारून खोडले. तेव्हापासून आमच्याकडे गुजरातीला कुणीच गुजराती म्हणेनासं झालं. 'आज गुलाबजाम किती पानं?' असंच विचारायचे, आणि बेन बोटांवर सांगायच्या.

दिवाळीला बाबांनी काही विचारलं नाही. मी जात राहिले. चांगली तीन वर्षं.

मग माझं लग्न ठरलं, ठाण्याचा मुलगा. मुलगा चांगला होता, मी नोकरी करणार हे त्याने आधीच मान्य केलं होतं. सासूबाईंनी फक्त माझ्यासाठी एक नवीन नाव काढून ठेवलं होतं. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. मला ते नाव नको होतं. पण मांडवात तोंड उघडायचं कसं, हे मला समजत नव्हतं. आईने दागिने सांभाळ म्हणून सांगितलं होतं, नाव सांभाळ म्हणून नाही. ताट आलं, तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठी धरली, गुरुजी म्हणाले, "हं, नवीन नाव?"

"थांबा," मागून आवाज आला.

रांगेत कुणीही नव्हतं, तरी लोक बाजूला झाले. काका इस्त्रीच्या शर्टात, रजिस्टर काखेत. त्यांच्यामागे बेन आणि केसांत कापूस घेतलेले मास्टरजी.

"हे नाव मी लिहिलंय," काका सासूबाईंना म्हणाले. "खिडकीत पहिल्यांदा. मग ऑफिसात, आईच्या रकान्यात, नऊशे चौदा ठिकाणी. तुमचं नाव गोड आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकदा मीही सभ्यतेकरिता नावं बदलली होती. बदललं की लिंक तुटते, ताई. माणूस असतं, पण सापडत नाही."

सासूबाईंना लिंक म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण 'सापडत नाही' हे बहुतेक कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्या स्वतःचं माहेरचं नाव आठवत होत्या. मग त्या मुलाला म्हणाल्या, "आहे तेच लिही."

त्याने आहे तेच लिहिलं. अंगठी तांदळातून फिरताना मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, कारण काका ताटावर वाकून शुद्धलेखन तपासत होते.

"मग हेच फायनल ना?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी," काका घाईने म्हणाले, "शुभकार्यात तो शब्द नको."

आणि तिथेच, अक्षतांच्या ताटाशेजारी रजिस्टर ठेवून, त्यांनी खिशातलं पेन काढलं. नाव लिहिलं. बापाचं लिहिलं, आईचं लिहिलं. आडनावाच्या रकान्याशी थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तेही जुनंच लिहिलं. मग शेऱ्याच्या रकान्यात, गोल, ठसठशीत अक्षरात: 'बदल नाही. लिंक शाबूत.'